पोटातलं विरजण

पूर्वी शेजारची बाई हातात वाटी घेऊन दारात यायची आणि विचारायची, ‘साखर आहे का?’ आता लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस आपल्या ताटातल्या जिलेबीकडे बघत हाच प्रश्न विचारतो, आणि प्रश्नाचा अर्थ पार बदललेला असतो. ‘आहे’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘जेवणाआधीची किती आणि नंतरची किती?’ भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेली एक मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. यात फार मोठा वाटा आहे तो दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा, म्हणजे साधारणपणे वय वाढल्यावर सावकाश येणाऱ्या मधुमेहाचा.

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नाही. तरीही आज मी आतड्यातले जिवाणू आणि मधुमेह या विषयावर बोलणार आहे, आणि त्याला कारण घरात घडलेली एक गोष्ट आहे.

माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना भाईजान म्हणतो, लातूरला असतात. आडतीच्या दुकानात हिशेब लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. अकरा वर्षांपासून त्यांना साखर आहे. डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची गोळी दिली होती. ती घेतली की पोटात गुरगुर, गॅस, कधी जुलाब. भेटले की म्हणायचे, ‘गोली खाया तो पेट बिगडता, नहीं खाया तो शक्कर बिगडती. मैं करूं तो क्या करूं?’ आम्ही हसण्यावारी न्यायचो.

अशात कुणीतरी त्यांना एका शिबिराला नेलं. तिथल्या माणसाने फळ्यावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं आणि सांगितलं की मधुमेह रक्तात नसतोच, तो पोटात असतो. वाईट जंतू काढा, चांगले जंतू भरा, साखर मुळासकट जाईल. त्यासाठी पावडरीचा डबा आणि वर सल्ला, ‘गोळ्या बंद करा, त्या चांगल्या जंतूंना मारतात.’ भाईजानना हे पटलं. पटणारच. कारण गोळीने पोट बिघडतं हा तर त्यांचा रोजचा अनुभव होता. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि घरात कुणाला सांगितलं नाही.

चार महिन्यांनी चपलेने पायाला चावा घेतला. पायाला मुंग्या येऊन बधिरपणा आलेला, त्यामुळे दुखलं नाही. दुखलं नाही म्हणून बघितलं नाही. भाभींना वास आला तेव्हा कुठे पाय उघडून पाहिला. दवाखान्यात नेलं तेव्हा उपाशीपोटीची साखर तीनशेच्या वर होती. अंगठ्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं.

मी नांदेडहून गेलो. वॉर्डाबाहेर एका तरुण डॉक्टरबाईंना म्हणालो, ‘जंतू-बिंतू सांगून फसवलं हो माझ्या भावाला.’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘सर, जंतूंची गोष्ट खोटी नाही. त्याने त्यातून काढलेला अर्थ खोटा आहे.’

हे वाक्य मी बरोबर घेऊन आलो. मग विचारत गेलो, मिळेल ते वाचत गेलो. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी हे बघू की पोटात आहे तरी काय. आपल्या शरीरात राहणाऱ्या जिवाणूंची मोजदाद २०१६ साली इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी नव्याने केली. एका सरासरी पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा त्यांचा हिशेब निघाला. शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे संख्येने पाहुणे यजमानांपेक्षा थोडे जास्तच. पण हे पाहुणे इतके बारीक की सगळ्यांचं मिळून वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात.

जंतू म्हटलं की आपल्याला पटकी, हगवण, टायफॉइड आठवतात. पण आपल्या आया-आज्यांना जंतूंची दुसरी बाजू रोज ठाऊक होती, फक्त त्यांना ते नाव माहीत नव्हतं. विरजण! आमच्याकडे खेड्यात ‘इरजण’ म्हणतात. कोमट दुधात चमचाभर ताक घातलं की सकाळी दही तयार. त्या चमच्यातले जिवाणू दुधातली साखर खातात आणि आम्ल बनवतात, त्या आम्लाने दूध घट्ट होतं. माझी अम्मी गावाहून लातूरला बिऱ्हाड हलवताना भांड्याकुंड्यांबरोबर विरजणाची वाटी हातात धरून बसली होती. ‘तिथल्या विरजणाचं दही लागत नाही’ असं तिचं म्हणणं. विरजण बदललं की दह्याची चव बदलते, आंबटपणा बदलतो, दही तारेचं होतं, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. आपल्या मोठ्या आतड्यातही असंच एक विरजण आहे, आणि ते एका जातीचं नाही. शेकडो जातींचं आहे.

या विरजणाला खायला काय मिळतं? आपण जेवतो त्यातली साखर, पीठ, तेल, प्रथिनं ही बहुतेक लहान आतड्यातच पचून रक्तात जातात. मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो तो चोथा, शास्त्रज्ञ ज्याला तंतुमय पदार्थ म्हणतात. डाळीची टरफलं, भाकरीतला कोंडा, भाज्यांच्या शिरा, कांद्या-लसणातला एक विशिष्ट पदार्थ. हे पचवायला लागणारी रसायनं माणसाच्या पोटात नाहीत. जिवाणूंकडे आहेत. ते हा चोथा आंबवतात आणि त्यातून काही छोटी आम्लं तयार करतात. त्यातल्या एकाचं नाव ब्युटिरेट. हा शब्द लोण्याच्या लॅटिन नावावरून आला आहे, कारण हे आम्ल पहिल्यांदा लोण्यात सापडलं. म्हणून तूप जास्त खाऊन भागेल असं मात्र कुणी समजू नये. तुपातलं हे आम्ल थोडंसं असतं आणि ते वरच्या वरच शोषलं जातं. मोठ्या आतड्याला लागणारं ब्युटिरेट तिथल्या तिथेच तयार व्हावं लागतं.

आता मधुमेहाकडे येऊ. जेवण झालं की रक्तात साखर वाढते. स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं. इन्शुलिनने कडी वाजवली की स्नायूंच्या, चरबीच्या पेशी दार उघडतात आणि साखर आत घेतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात आधी पेशी बहिऱ्या होतात. कडी वाजते, दार उघडत नाही. स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं, आणखी सोडतं, आणि काही वर्षांनी तेही थकतं. मग साखर रक्तातच साचत राहते, आणि डोळे, मूत्रपिंड, पायाच्या शिरा हळूहळू खराब करते.

यात पोटातले जिवाणू कुठे आले? तीन ठिकाणी, असं आजवरच्या संशोधनातून दिसतं.

पहिलं ठिकाण आतड्याची भिंत. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशींचं मुख्य अन्न म्हणजे हेच ब्युटिरेट. ते मिळालं तर भिंत पक्की राहते. चोथा मिळाला नाही तर काही जिवाणू भिंतीवरचा चिकट थर खायला लागतात, असं उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं आहे. भुकेला माणूस घराचे वासे जाळतो तसं. भिंत विरली की काही जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात झिरपतात. शरीराला वाटतं शत्रू आला. मग ताप येत नाही, सूज दिसत नाही, पण आत मंद धग सुरू राहते. या धगीने पेशी इन्शुलिनला बहिऱ्या होतात. २००७ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये हा धागा दाखवला.

दुसरं ठिकाण निरोपाचं. जिवाणूंनी बनवलेली आम्लं आतड्यातल्या काही खास पेशींना जागं करतात. त्या पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतात. ते स्वादुपिंडाला सांगतं, ‘जेवण आलंय, इन्शुलिन सोड.’ जठराला सांगतं, ‘जरा सावकाश.’ मेंदूला सांगतं, ‘पोट भरलं.’ साखर आणि वजन कमी करणारी जी महागडी इंजेक्शनं अलीकडे गाजत आहेत, ती याच संप्रेरकाची नक्कल करतात. तिसरं ठिकाण औषधाचं. त्याबद्दल जरा पुढे बोलतो.

हे झालं कसं घडतं त्याबद्दल. पण खऱ्याखुऱ्या रुग्णांमध्ये काही दिसलं का? २०१२ साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी ३४५ लोकांच्या विष्ठेतल्या जिवाणूंची तपासणी केली. मधुमेह असलेल्यांमध्ये ब्युटिरेट बनवणारे जिवाणू कमी होते. २०१३ साली स्वीडनमधल्या पथकाने सत्तरीच्या १४५ स्त्रियांची तपासणी केली. तिथेही तसंच काहीसं दिसलं, पण नेमक्या जाती मात्र चीनशी पूर्ण जुळल्या नाहीत. चिनी माणूस काय खातो आणि स्वीडनची बाई काय खाते यात फरक आहे, तेव्हा विरजणातही फरक असणारच.

मग आपलं काय? आपल्याकडचं एक काम पुण्यात झालं आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक सरोज घासकडबी, राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेतले जिवाणूशास्त्रज्ञ योगेश शौचे आणि केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या तरुण सहकाऱ्यांबरोबर केलेलं हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी तीन गट घेतले. निरोगी माणसं, नुकताच मधुमेह निघालेली आणि अजून औषध सुरू न झालेली माणसं, आणि आधीपासून औषधावर असलेले रुग्ण. माणसं थोडी होती, पन्नासच्या आसपास. पण त्यांनी फक्त जिवाणू पाहिले नाहीत, आतड्यातल्या बुरशीसारख्या इतर सूक्ष्म जीवांकडेही पाहिलं. तिन्ही गटांच्या पोटातली वस्ती वेगवेगळी निघाली, आणि बुरश्यांमध्येही फरक दिसला.

याज्ञिक हे नाव काहींनी दुसऱ्या संदर्भात ऐकलं असेल. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या माता आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास त्यांनी चालवला. आपला माणूस दिसायला बारीक पण आतून चरबी बाळगणारा, हे त्यांनी जगाला दाखवलं. २००४ साली त्यांनी आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र जॉन युडकिन यांनी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! भाईजानही असेच, सडपातळ. ‘मी कुठे जाडा आहे, मला कसली साखर’ असं म्हणत त्यांनी पहिली दोन वर्षं तपासणीच टाळली होती. तेव्हा सगळा दोष पोटातल्या जिवाणूंच्या माथी मारता येणार नाही, ही गोष्ट पुण्याच्याच या कामातून कळते. आईच्या पोटात असल्यापासूनचं पोषण, घराण्यात चालत आलेला कल, बैठं काम, झोप, काळजी हे सगळे त्यात भागीदार आहेत.

आता ते राहिलेलं तिसरं ठिकाण, औषधाचं. मेटफॉर्मिन १९५७ पासून मधुमेहावर वापरलं जातं आहे. २०१५ साली डेन्मार्क, स्वीडन आणि चीन इथल्या रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा मोठी गंमत उघडकीला आली. मधुमेही माणसांच्या जिवाणूंमध्ये जो फरक दिसत होता, त्यातला बराचसा मधुमेहामुळे नव्हताच, मेटफॉर्मिनमुळे होता! औषध न घेणारे रुग्ण वेगळे काढल्यावर ब्युटिरेटवाले जिवाणू कमी असण्याची खूण मात्र उरली. पुढे २०१७ साली आणखी एक प्रयोग झाला. मेटफॉर्मिन सुरू केलेल्या रुग्णांच्या आतड्यातले जिवाणू निर्जंतुक उंदरांच्या पोटात सोडले, तर काही उंदरांची साखर हाताळण्याची ताकद सुधारली. म्हणजे हे औषध आपलं काम करताना पोटातल्या वस्तीचीही थोडीफार मदत घेतं असं दिसतं. तोंडात टाकलेली गोळी रक्तात जाण्याआधी आतड्यातूनच जाते, तेव्हा यात नवल नाही.

भाईजानच्या पोटातली गुरगुर काय असावी, त्याचा एक धागा मला इथे मिळाला. गोळीने आतड्यातली वस्ती हलते, आणि पोटाच्या त्रासात तिचाही हात असावा असं संशोधक मानतात. शिबिरातला माणूस म्हणाला होता की गोळी चांगल्या जंतूंना मारते. वस्ती बदलते इतकं खरं. पण तो बदल बऱ्याच अंशी रुग्णाच्या बाजूचा असतो, हे त्याने सांगितलं नाही. आणि त्रासावर साधे उपाय आहेत. गोळी जेवणाबरोबर घ्यायची, डोस हळूहळू वाढवायचा, सावकाश विरघळणारी गोळी मागायची. हे डॉक्टरांना नुसतं विचारलं असतं तरी झालं असतं. आणखी एक, ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं. पायाला मुंग्या येत असतील तर तेही तपासून घ्यावं.

आता मुख्य प्रश्न. जिवाणू बिघडले म्हणून मधुमेह होतो, की मधुमेह झाला म्हणून जिवाणू बिघडतात? कोंबडी आधी की अंडं आधी, तसाच हा पेच आहे. तो सोडवायचा एक धीट मार्ग हॉलंडमध्ये चोखाळला गेला. निरोगी, सडपातळ माणसाच्या विष्ठेतले जिवाणू घेऊन ते लठ्ठ आणि इन्शुलिनला दाद न देणाऱ्या पुरुषांच्या आतड्यात सोडले. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण काही चिवट जुलाबांवर हा उपचार सर्रास होतो. २०१२ साली निकाल आला. सहा आठवड्यांनी त्या पुरुषांच्या पेशी इन्शुलिनचं जास्त ऐकू लागल्या होत्या. सगळ्यांना आशा वाटली. मग त्याच पथकाने जास्त माणसांवर, जास्त काळ प्रयोग केला. २०१७ सालचा निकाल असा की सहा आठवड्यांचा फायदा अठरा आठवड्यांपर्यंत टिकला नाही. पाहुणे आले, चार दिवस राहिले आणि गेले. जुन्या वस्तीने घर परत ताब्यात घेतलं.

यातून दोन गोष्टी कळतात. जिवाणूंचा हात आहे, हे नक्की. आणि बाहेरून नुसते जिवाणू ओतून मधुमेह मुळासकट जात नाही, हेही तितकंच नक्की. अख्खी वस्ती बदलूनही जे टिकलं नाही, ते डबाभर पावडरीने कसं टिकणार? २०१९ साली बेल्जियममध्ये अकरमान्सिया नावाचा एकच जिवाणू तीन महिने देऊन पाहिला. इन्शुलिनचा परिणाम थोडा सुधारला, आणि तोही जिवंत जिवाणूंपेक्षा उष्णता देऊन मारलेल्या जिवाणूंनी जास्त. पण शेवटपर्यंत राहिलेली माणसं ३२ होती, आणि त्यांना मधुमेह अजून झालेला नव्हता. त्या शास्त्रज्ञांनीही याला पहिली चाचणी म्हटलं, औषध म्हटलं नाही.

बाहेरून ओतण्यापेक्षा आहेत त्यांना खाऊ घालणं जास्त टिकतं, असं मात्र दिसतं. २०१८ साली चीनमध्ये ४३ मधुमेही रुग्णांवर एक प्रयोग झाला. दोन्ही गटांना औषध सारखंच दिलं. एका गटाला नेहमीचा सल्ला, दुसऱ्याला वेगवेगळ्या प्रकारचे भरपूर तंतुमय पदार्थ. बारा आठवड्यांनी दुसऱ्या गटातल्या ८९ टक्के लोकांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, सातच्या खाली आली. पहिल्या गटात ५० टक्के लोकांची. जास्त चोथा खाणाऱ्यांच्या पोटात आम्लं बनवणाऱ्या १५ प्रकारच्या जिवाणूंनी बाळसं धरलं होतं. इथे लक्षात घ्या, औषध कुणाचंही बंद केलेलं नव्हतं.

हे वाचताना मला आपला मराठवाडा आठवत होता. आम्ही लहान असताना घरात ज्वारी हेच धान्य. गहू सणाला, तांदूळ पाहुण्याला. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, करडईची कोवळी पानं, मटकीची उसळ, जवसाची चटणी, कच्चा कांदा बुक्कीने फोडलेला. ही गरिबी होती, तिचं कौतुक करायचं कारण नाही. उपाशीही राहिलो आहोत. पण त्या ताटात चोथा भरपूर होता आणि तो दहा जातींचा होता. पुढे शेतातली ज्वारी मागे हटली आणि सोयाबीन आलं, कारण पैसा सोयाबीनला होता. रेशनवर गहू-तांदूळ आला. चहाबरोबर बिस्कीट, पाव, टोस्ट आले. मध्य भारत आणि केरळातल्या लोकांच्या जिवाणूंचा अभ्यास भोपाळच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केला. मध्य भारतातल्या, धान्य-कडधान्यांवर जगणाऱ्या लोकांच्या पोटात चोथा पचवणाऱ्या प्रिव्होटेला जिवाणूंचं राज्य दिसलं. आणि २०१८ साली अमेरिकेतला एक अभ्यास सांगतो की आग्नेय आशियातून तिकडे गेलेल्या स्त्रियांच्या पोटातले हेच जिवाणू काही महिन्यांतच कमी व्हायला लागले, जातींची संख्याही घटत गेली. अम्मी विरजणाची वाटी हातात धरून आली होती, पण पोटातलं विरजण सांभाळायचं तर ताटही बरोबर न्यावं लागतं.

लातूर-धाराशिवकडच्या आणि नांदेडच्या काही भागातल्या लोकांना येळवस सांगायला नको. मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं लातूर शहर ओस पडतं, माणसं शेतात जातात. कडब्याच्या कोपीजवळ बसून भज्जी खायची, आंबील प्यायची. जात-धर्म न बघता बोलावणं असतं. आम्ही दरवर्षी भाईजानच्या दोस्ताच्या शेतात जातो. त्या भज्जीत काय नसतं? वाटाणा, तुरीचे ओले दाणे, ओला हरभरा, घेवडा, गाजर, मेथी, पात, शेंगदाणे, तीळ. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवलेलं. आठवड्यात तीसहून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या पोटात जिवाणूंच्या जाती जास्त असतात, असं २०१८ सालच्या एका मोठ्या पाहणीत दिसलं. आंबवलेले पदार्थ रोज खाल्ले तर त्या जाती वाढतात, असं २०२१ साली अमेरिकेत दिसलं. आपण हे एका दिवसात एका पत्रावळीवर वाढतो, आणि मग वर्षभर विसरतो.

पण इथेही सावध राहायला हवं. भाकरीनेही साखर वाढते. तीन भाकरी खाऊन ‘ज्वारी आहे, चालतं’ म्हणणारे मला माहीत आहेत. चोथा वाढवायचा तो हळूहळू, एकदम वाढवला तर पोट फुगतं. ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत त्यांनी डाळी आणि भाज्याही विचारूनच घ्याव्यात. आणि साध्या सर्दीला दुकानातून स्वतःहून अँटिबायोटिक आणून खाऊ नये, त्याने पोटातली वस्ती उगाच उजाड होते.

आमच्या घरात दुसराही एक प्रश्न होता, रोज्यांचा. उपवासाने पोटातले जिवाणू सुधारतात असं कुणीतरी भाईजानना सांगितलं होतं. तुर्कस्तानात रमजानच्या रोज्यांनंतर काही उपयोगी जिवाणू वाढलेले दिसले, हे खरं आहे. पण ती तपासणी नऊ निरोगी माणसांची होती. पायाला जखम आणि साखर तीनशे असलेल्या माणसाला ती लागू कशी होणार? डॉक्टरांनी रोजे धरू नका म्हणून सांगितलं. भाईजानना ते फार लागलं. मी एवढंच म्हणालो की आजारी माणसाला सवलत दीनानेच दिली आहे, डॉक्टरांनी नाही. त्यांनी रोज एका गरिबाच्या जेवणाचा फिद्या दिला. ज्यांची साखर आटोक्यात आहे आणि रोजे धरायचे आहेत, त्यांनी रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांच्या वेळा बदलून घ्याव्यात.

शिबिरातल्या त्या माणसावर माझा राग आहे. पण त्याहून जास्त वाईट याचं वाटतं की अकरा वर्षांत भाईजानच्या गुरगुरणाऱ्या पोटाबद्दल कुणी त्यांच्याशी नीट बोललं नाही. आम्ही घरचे हसलो. डॉक्टरांपुढे रांग मोठी, तिथे पोटाचं काय सांगायचं म्हणून तेही गप्प राहिले. त्यांचं ऐकून घेणारा, फळ्यावर चित्र काढून समजावणारा पहिला माणूस भेटला तो पावडर विकणारा. म्हणून घरात कुणाला साखर असेल तर त्याला एवढं विचारा, ‘गोळी सोसते का?’ सोसत नसेल तर त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा. बंद करायची असेल तर ती त्यांनीच करावी. आणि रात्री झोपताना त्याचे दोन्ही तळपाय उजेडात बघा.

भाईजान आता सावकाश विरघळणारी गोळी घेतात. पोट पुष्कळ बरं आहे. मागच्या येळवशीला ते काठी टेकत बांधावरून आले. भज्जी खाल्ली, आंबील प्यायले, गव्हाची खीर आली तेव्हा पत्रावळीवर हात आडवा धरला. मग सदऱ्याच्या खिशातून गोळी काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘पानी दे.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)